दारिद्र्यप्रवणता आणि सामाजिक गट : वर्तकनगर, येऊर व ठाणे जिल्ह्यातील कातकरी

प्रस्तावना

ठाणे शहरातील वर्तकनगर हा पोखरण रस्त्यालगतचा भाग प्रामुख्याने गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींसाठी ओळखला जातो. एका बाजूस वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस रेमंडच्या लोकर गिरणीची जमीन आणि मागे उपवन तलाव ओलांडला की येऊरचा डोंगर, अशी त्याची रचना आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि महामंडळाच्या कार्याचा आरंभ वागळे इस्टेटपासून झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या परिसरात कामगारवर्ग स्थिरावला. पुढे कारखाने एकामागून एक बंद पडले अथवा अन्यत्र हलले. रेमंडचा ठाण्यातील कारखाना २००९ मध्ये बंद झाला व त्याच्या जमिनीवर आता निवासी मनोरे उभे राहिले आहेत.

कारखाना बंद पडणे हा कोणत्याही कुटुंबावरील मोठाच आघात होय. तथापि वर्तकनगरातील कायम कामगारांची कुटुंबे या आघाताने कंगाल झाली असे सरसकट म्हणता येत नाही. अनेकांची मुले शिकली, काहींनी रिक्षा घेतली, काहींनी स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतून दुकान टाकले. याउलट तेथून काही किलोमीटरवरील येऊरच्या पाड्यांत, किंवा त्याच जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या कातकरवाड्यांत, एखादे आजारपण वा एक लग्न कुटुंबाला वर्षानुवर्षांच्या कर्जात लोटण्यास पुरेसे ठरते. आघात लहान आणि पडझड मोठी, असे हे चित्र आहे. ते का निर्माण होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दारिद्र्य आणि दारिद्र्यप्रवणता

‘प्रवण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘उतरता’ असा आहे. दारिद्र्यप्रवणता म्हणजे आज दरिद्री असणे नव्हे, तर दारिद्र्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर उभे असणे. हा भेद लक्षात न घेतल्यास धोरणांची दिशा चुकते.

भारतातील दारिद्र्याच्या मोजमापाची परंपरा बरीचशी महाराष्ट्रातच घडली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २,२५० उष्मांक ही कसोटी धरून दारिद्र्याचे अनुमान मांडले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांपलीकडे जाऊन शिक्षण व आरोग्यावरील खर्चाचा विचार केला. या कसोट्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु रेषा कोणतीही असो, ती एका विशिष्ट दिवशी कोण तिच्या खाली आहे एवढेच सांगते. रेषेच्या किंचित वर असलेल्या दोन कुटुंबांपैकी पुढच्या वर्षी कोणते घसरेल, हे तीत दिसत नाही.

घसरणीचा संबंध सामाजिक गटाशी कसा आहे, हे मात्र आकडेवारीतून दिसते. २०१५-१६ च्या पाहणीतील माहितीवर आधारलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार भारतातील अनुसूचित जमातींपैकी ५०.६ टक्के, अनुसूचित जातींपैकी ३३.३ टक्के, इतर मागासवर्गांपैकी २७.२ टक्के व उर्वरित समाजापैकी १५.६ टक्के लोक बहुआयामी दारिद्र्यात होते. त्यानंतर देशातील एकूण प्रमाण घटले आहे. तरीही हा क्रम परंपरागत सामाजिक उतरंडीशी जुळतो, आणि तो योगायोग मानता येणार नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळाच्या संदर्भात असे दाखवून दिले की, अन्न बाजारात असूनही माणसे उपाशी मरतात, कारण त्या अन्नावर त्यांची हक्कदारी नसते. जमीन, श्रम, नाते आणि कायदा यांतून ही हक्कदारी उत्पन्न होते. दारिद्र्यप्रवणतेचा प्रश्न म्हणजे, कोणत्या गटाकडे किती हक्कदारी साठलेली आहे, हा प्रश्न होय.

कामगाराच्या पायाखालच्या पायऱ्या

वर्तकनगरच्या कायम कामगाराकडे कारखाना बंद पडतेवेळी काय होते? १९५२ च्या कायद्याने जमा झालेला भविष्य निर्वाह निधी, १९७२ च्या कायद्याने मिळणारे उपदान, राज्य कामगार विम्याचे वागळे इस्टेटमधील रुग्णालय, कामगारांची पतपेढी आणि मंडळाच्या वसाहतीतील खोली. ही खोली लहान असली तरी ती नावावर होती. पुढे इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा तीच सर्वांत मोलाची मालमत्ता ठरली. शिवाय कोकणातून वा घाटावरून आलेल्या बहुतेकांचे गावी घर होते, थोडीफार भातजमीन होती. पगार थांबला तरी कुटुंब एकदम तळाशी गेले नाही. एकेका पायरीवर थबकत खाली आले आणि बऱ्याचदा मधल्याच पायरीवर सावरले.

त्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगारांपैकी अनेकांच्या बाबतीत यांतील बहुतेक पायऱ्या नव्हत्या. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबई-ठाण्याकडे आलेल्या भूमिहीन कुटुंबांत दलितांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या मागे गावी जमीन नव्हती आणि पुढे कायम नोकरीची ओळख नव्हती. नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम घेणे, एवढाच मार्ग उरला. कौशल्य किंवा कष्ट यांतील फरकापेक्षा प्रवेश करतानाच्या शिदोरीतील हा फरक अधिक निर्णायक होता.

कागदाबाहेरचा समाज

येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथील पाड्यांत वारली, कातकरी आदी आदिवासी कुटुंबे राहतात. शहराच्या इतक्या जवळ राहूनही त्यांची स्थिती दुहेरी कोंडीची आहे. उद्यानाच्या नियमांमुळे जंगलावर आधारलेले जुने जीवन आक्रसले, आणि शहरी बाजारात उतरण्यासाठी लागणारी मालमत्ता, पत व शिक्षण हाताशी नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतर आपण अतिक्रमक नसून मूळ रहिवासी आहोत, हे सिद्ध करण्याचा भार पाड्यांवरील माणसांवर आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याला मान्यता देण्याची तरतूद केली. मात्र ताबा सिद्ध करावयाचा तो पुन्हा पुराव्यानेच.

पुराव्याचा हा प्रश्न कातकरी समाजाच्या बाबतीत सर्वांत तीव्र आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक होय. कोलाम आणि माडिया गोंड या उर्वरित दोन. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले वाढली, खैर सरकारी मालकीचा झाला आणि ज्या धंद्याने जमातीला नाव दिले तो धंदाच हातातून गेला. पुढे ठेकेदारांसाठी कोळसा पाडणे, जंगलतोड, शेतमजुरी आणि अखेरीस वीटभट्टी, असा प्रवास झाला. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर जमीन नावावर झाली नाही.

स्वातंत्र्योत्तर भूसुधारणांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने महाराष्ट्रातील असंख्य कुळे जमिनीची मालक झाली. या कायद्याचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. पण लाभ मिळाला तो कूळ म्हणून नोंद असलेल्यांना किंवा तशी नोंद करवून घेऊ शकणाऱ्यांना. जो गडी म्हणून राबत होता तो कूळ नव्हता, आणि कातकरी बहुधा गडीच होता. आदिवासींच्या हातून गेलेली जमीन परत देण्याचा कायदा १९७४ मध्ये झाला. त्याचा लाभही ज्याच्या नावावर कधीकाळी जमीन होती त्यालाच मिळणार, हे उघड आहे. दोन्ही कायदे पुरोगामी होते आणि दोन्ही कायदे नोंदीपासून सुरू होत होते. नोंदीच्या बाहेर असलेला समाज दोन्ही वेळा बाहेरच राहिला. शेजारचा कुणबी आणि काही प्रमाणात वारली या काळात एक पायरी वर चढला. कातकरी जेथे होता तेथेच राहिला, म्हणजे तुलनेने खाली गेला.

जातीच्या दाखल्याचेही तेच. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा अपेक्षित असतो. ज्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि जे दर हंगामात वेगळ्या गावी राहिले, त्यांच्या वास्तव्याचा कागद नातवाने कोठून आणावा? आरक्षण अस्तित्वात असते, पण दाखल्याअभावी ते दारापर्यंत पोहोचत नाही. वाडीची जागाही अनेकदा खासगी मालकाची किंवा वन खात्याची असते. जमिनींचे भाव चढू लागल्यावर, ज्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मजुरांना झोपड्या बांधू दिल्या होत्या त्यांच्यापैकी काहींनी कुंपणे घातली. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत हा प्रश्न विशेषत्वाने जाणवतो.

उचल

दारिद्र्यप्रवणतेचे यंत्र प्रत्यक्षात कसे चालते, हे वीटभट्टीच्या ‘उचल’ पद्धतीवरून स्पष्ट होते. भिवंडी, कल्याण, शहापूर, वाडा, वसई या पट्ट्यातील भट्ट्यांवर दिवाळीनंतर काम सुरू होते आणि पावसाच्या तोंडावर थांबते. उचल मात्र त्याआधीच घेतली जाते, आणि ती केव्हा घेतली जाते हे महत्त्वाचे आहे. आषाढात भातलावणी संपते व शेतावरील मजुरी थांबते. कापणी आश्विनाशिवाय नाही. श्रावण-भाद्रपदाच्या या मधल्या आठवड्यांत कातकरी कुटुंबाजवळ धान्य नसते, काम नसते; रानभाज्या, खेकडे आणि मासे यांवर दिवस काढावे लागतात. याच काळात ताप, जुलाब आणि सर्पदंश वाढतात आणि सणही येतात. भट्टीमालकाचा माणूस नेमका तेव्हा वाडीवर येतो.

पैसा घेणारा ‘जोडी’ असतो, म्हणजे नवरा-बायको मिळून एक एकक. चिखल कालवणे, साच्यात विटा थापणे, त्या वाळत घालणे, भट्टी रचणे ही कामे दोघे करतात, हाताशी मुलेही असतात. हिशेब मात्र पुरुषाच्या नावे आणि हजार विटांच्या दराने. हंगामात दर आठवड्याला ‘खर्ची’ मिळते, ती जेमतेम धान्य-मिठापुरती. उरलेली मजुरी उचलीपोटी वळती होते आणि शेवटी हिशेब होतो. वही मालकाची, अक्षर मालकाचे. फिटले नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते.

या व्यवहारात व्याज शब्दाने कोठेही येत नाही, म्हणून तो बिनव्याजी वाटतो. केवळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा एका जोडीने २०,००० रुपये उचलले आणि तिने हंगामात १,२०,००० विटा थापल्या. उचल न घेतलेल्या मजुरापेक्षा तिला हजारामागे १०० रुपये कमी दर मिळाला, तर हंगामाअखेर तिने १२,००० रुपये गमावले. आठ-नऊ महिन्यांच्या कर्जावर मुद्दलाच्या साठ टक्के एवढी ही किंमत झाली. ती वहीत दिसत नाही, कारण ती दरातच लपलेली असते. त्याखेरीज अधिक मजुरी देणाऱ्या दुसऱ्या भट्टीवर जाण्याचे स्वातंत्र्य गमावले, ते वेगळेच.

हे नवे नाही. लग्नासाठी कर्ज घेऊन त्यापोटी सावकाराकडे पती-पत्नीने राबण्याची ‘लग्नगडी’ पद्धत ठाणे जिल्ह्यात रूढ होती आणि १९३० च्या दशकाअखेरीस डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात तिची दखल घेतली गेली. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ पासून तलासरी-डहाणू भागात उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्याचा रोखही वेठबिगार आणि लग्नगडी यांवरच होता. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्दबातल ठरवली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करवून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्वाळा दिला. त्याच दशकात वसई परिसरात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे काम हाती घेतले, आणि भट्टीवरील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भट्टीवर मजूर ज्या तात्पुरत्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात; शाळा त्या भोंग्यांजवळच भरे.

एवढे होऊनही उचल का टिकली? याचे एक उत्तर शासकीय योजनांच्या वेळापत्रकात आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप आलेली रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राची देशाला मोठी देणगी आहे. परंतु हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजणी झाल्यावर, आणि बहुधा विलंबाने मिळत असे. भट्टीची मजुरी कामाच्या तीन महिने आधी मिळते. ज्याच्या घरी आज चूल पेटवायची आहे त्याच्या दृष्टीने नंतर मिळणाऱ्या रास्त मजुरीपेक्षा आधी मिळणारी अपुरी मजुरी अधिक उपयुक्त असते. खावटी कर्जाची योजना हीच उणीव ओळखून आखलेली होती. पण पावसाळी खावटी पावसाळ्यात पोहोचली तरच तिला अर्थ. २०२० मध्ये करोनाच्या संकटात चार हजार रुपयांचे, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूप, असे खावटी अनुदान जाहीर झाले. त्याचे वाटप मात्र पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळले.

एकाच पावसात भिजणारे नातलग

कातकऱ्यांच्या स्थितीचे स्पष्टीकरण त्यांच्या स्वभावात शोधण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांतही आढळते. ते उद्याचा विचार करीत नाहीत, मिळाले की उडवतात, दारूत घालवतात, असे म्हटले जाते. व्यसनाचा प्रश्न खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. परंतु व्यसन सर्व थरांत आहे. मधल्या थरातील कुटुंब त्यातून सावरते, कारण सावरण्यासाठी त्याच्याकडे काही असते. बचतीचे म्हणाल तर, ज्या घराला कुलूप नाही, बँकेत खाते असले तरी शाखा दूर आहे, आणि वर्षाचे सात महिने परगावी काढायचे आहेत, तेथे बचत ठेवावी कोठे? उद्याचा विचार न करणे हे पुष्कळदा दारिद्र्याचे कारण नसून परिणाम असते.

अधिक महत्त्वाचा मुद्दा नात्यागोत्याचा आहे. अडचणीत कोणतेही कुटुंब प्रथम नातलगांकडे जाते. वर्तकनगरातील कामगाराचा एक भाऊ पालिकेत, दुसरा गावी शेतीवर, मेहुणा रेल्वेत, अशी विभागणी असते. एकाची नोकरी गेली तरी सर्वांची एकदम जात नाही. कातकरी वाडीतील सर्व भाऊबंद एकाच प्रकारच्या भट्टीवर, एकाच हंगामात, एकाच उचलीवर अवलंबून असतात. अवकाळी पावसाने थापलेल्या विटा विरघळल्या की सर्वांचेच काम बुडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती भट्टीचा हंगाम ऐन भरात असताना. तेव्हा वाडीत कोणाकडून मागावे असा कोणीच उरला नव्हता. ज्या गटाला व्यवसायाची निवडच मिळाली नाही, त्या गटात जोखीमही वाटली जात नाही.

हेच तत्त्व इतर गटांनाही, निराळ्या रीतीने, लागू पडते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात येऊन राहिली. सुरक्षिततेसाठी एकवटल्याने नोकरीच्या ओळखी मात्र तुटल्या. मुस्लिमांना बँकांचा पतपुरवठा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी मिळतो, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशपातळीवर दाखवून दिलेच होते. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांच्या बाबतीत तर घरभाडे, शिधापत्रिका, वारसा या प्रत्येक ठिकाणी पुरुषाचे नाव हाच कागद मानला गेला आहे. जोडीच्या हिशेबात भट्टीवर एकट्या स्त्रीला जागाच नसते. नवरा गेला की तिची मजुरी मिळवण्याची क्षमता निम्मी नव्हे, तर जवळजवळ नाहीशी होते.

अलीकडील घडामोडी

काही बाबतींत स्थिती सुधारली आहे, हे नमूद केले पाहिजे. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. स्थलांतरित कुटुंबाला भट्टीजवळच्या दुकानातून धान्य घेता येणे, ही उचलीची गरज कमी करणारी गोष्ट आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने आदिवासी तालुक्यांना जवळचे जिल्हा मुख्यालय मिळाले. दुसरीकडे, २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढ्या राखण्यासाठी नगर जिल्ह्यात किरकोळ मोबदल्यावर ठेवली गेल्याची प्रकरणे उघडकीस आली व वेठबिगारीचे गुन्हे नोंदवले गेले. उचलीसाठी गहाण टाकण्याजोगे श्रमही ज्यांच्याकडे उरत नाहीत, ते मुलांचे श्रम गहाण टाकतात.

ठाण्यातील नव्या मनोऱ्यांच्या भिंतींसाठी मातीच्या विटेऐवजी हलके सिमेंटी ठोकळे सर्रास वापरले जातात. उद्या भट्ट्या कमी झाल्या, तर उचलीचा पाश सुटेल हे खरे. पण श्रावणातील तो पैसाही सुटेल, आणि त्याची जागा घेणारे अन्य काही वाडीत आज तरी नाही.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पंतप्रधान जनमन’ अभियानात विशेष असुरक्षित जमातींसाठी पक्की घरे, रस्ते, पाणी, वीज यांची एकत्रित तरतूद आहे. कातकऱ्यांच्या वाट्याला आजवर आलेली ही सर्वांत मोठी योजना म्हणता येईल. घराचे अनुदान मंजूर होते. त्यानंतर घर कोणत्या जागेवर बांधणार, हा प्रश्न येतो. वाडी खासगी जमिनीवर असल्यास मालकाची संमती लागते, वनजमिनीवर असल्यास वनहक्काचा दाखला लागतो. ग्रामसेवकासमोर पुन्हा एकदा सातबारा उघडला जातो, आणि त्यात कातकऱ्याचे नाव नसते.